वाचकांचे प्रश्न : उद्दिष्टं 14 आणि काम करणारी माणसं 3

प्रश्न : आमची केमिस्ट्री शिकवणाऱ्यांची आणि साखर कारखान्यांच्या लॅबमधल्या लोकांची जिल्ह्याची संस्था आहे. पुढच्या वर्षाची उद्दिष्टं ठरवायला कार्यकारिणी बसली आणि 14 मुद्दे निघाले. राष्ट्रीय परिषद, स्वतःचं जर्नल, अ‍ॅप, विज्ञान जनजागृती, सभासदसंख्या दुप्पट, म्हणाल ते आहे. राबणारे आम्ही तिघंच. काय ठेवू, काय काढू?
– एक सचिव, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सचिवसाहेब, पहिल्यांदा ‘जनजागृती’ काढा. वाईट आहे म्हणून नाही हो, पण मार्च उजाडला की ती झाली का नाही हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही, आणि असली उद्दिष्टं मग दरवर्षी तीच, फक्त वर्षाचा आकडा बदलून अहवालात छापायची. उद्दिष्ट असं पाहिजे की वार्षिक सभेत मागच्या खुर्चीवरचा सभासद उठून “झालं का?” म्हणाला तर तुम्हाला हो किंवा नाही, एवढंच बोलता यावं. आणि प्रत्येकासमोर एका माणसाचं नाव लिहा. ‘सर्व सभासद’ असं लिहिलंत म्हणजे कुणीच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

राष्ट्रीय परिषद एक वर्ष बाजूला राहू दे. शाल-श्रीफळ, किट बॅग, उद्घाटनाला दीड तास उशिरा आलेले पाहुणे आणि जेवणानंतर रिकामा हॉल, यात तुमचे तिघेही सहा महिने अडकतात आणि हातात उरतो तो फोटोंचा अल्बम. (पेपर वाचणाऱ्याला सर्टिफिकेट मिळतं हे मान्य, पण संस्था त्यासाठी काढली होती का?)

जर्नलही नको. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख नंबर, मिळवणं सोपं आहे, पण पेपर नीट वाचून ‘हे चुकलंय’ असं लेखी कळवणारे परीक्षक दर अंकाला आणणार कुठून? इंडियन केमिकल सोसायटी 1924 ला सुरू झाली, प्रफुल्लचंद्र राय पहिले अध्यक्ष, आणि तिचं जर्नल तेव्हापासून चालू आहे, तेवढा दम असेल तरच त्या वाटेला जावं. त्यात यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी 2025 मध्ये केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केली, म्हणजे कुठलं जर्नल चांगलं हे आता कॉलेजांनी आणि विद्यापीठांनीच ठरवायचंय. पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणाऱ्यांचं फावणार ते इथंच. नवं जर्नल काढण्यापेक्षा असली दुकानं कशी ओळखायची यावर तरुण प्राध्यापकांसाठी एक दिवस बसा, त्याची गरज लई मोठी आहे.

मग ठेवायचं काय? तुमच्याकडं जे आहे ते बघा की. लॅब आहेत, त्यात माणसं आहेत, आणि शेजारी शिरोळ तालुका आहे. तिथल्या क्षारपड जमिनीचं दुखणं जुनं आहे. भारी काळी जमीन, ऊस म्हणून पाण्याचा मारा, निचरा नाही, मग भूजल वर येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मात्र वरच बसतात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, आणि सोडियमचं प्रमाण वाढून सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला की ती चोपणकडे, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीकडे, झुकते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, चोपणला जिप्सम लागतो आणि क्षारयुक्तला आधी निचरा, नुसतं जिप्सम टाकून तिथं भागत नाही. तर मी उद्दिष्ट असं लिहीन : ठरलेल्या 50 जागांची माती पावसाळ्याआधी मेमध्ये आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरमध्ये, त्याच खोलीवरून, त्याच पद्धतीने तपासायची, शेतकऱ्याचं नाव न देता आकडे सगळ्यांना खुले करायचे, आणि ज्याची माती त्याला त्याचा कागद मराठीत द्यायचा. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत असं निघालं तर उलट चांगलंच, आधी ते का ते शोधा, केमिस्ट लोकांच्या संस्थेचं खरं काम तेच.

पैशाबद्दल एक. एकाच दारावर अवलंबून राहू नका. इंडियन सायन्स काँग्रेस 1914 पासूनची, 2023 ला नागपूरला 108वं अधिवेशन झालं, आणि मग केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याशी निधीवरून वाद झाला आणि 2024 च्या जानेवारीतलं अधिवेशन झालंच नाही. शंभरी ओलांडलेल्या संस्थेची ही गत, तर आपलं काय घेऊन बसलात. वर्गणी थोडी वाढवा आणि वेळेत वसूल करा, सभासद दुप्पट करण्यापेक्षा हे आधी.

आणि हो, पदाधिकारी बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी खबर, दिला का बघा. हे उद्दिष्टांत कुणी लिहीत नाही आणि पुढं बँकेत सह्यांवरून सगळं अडतं ते इथंच.

प्रश्न : एमएस्सीला आहे. सर म्हणतात सोसायटीची मेंबरशिप घे. फी भरून मला काय मिळणार?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पूर्वी जर्नल स्वस्तात मिळायचं, हे मोठं कारण होतं. आता केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे 2025 पासून सरकारी संस्थांना 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स मिळायला लागली, राज्य विद्यापीठंही त्यात येतात, त्यामुळं आधी लायब्ररीत चौकशी कर. राहता राहिली माणसं. विद्यार्थी सभासदाला मत आहे का, समितीत जागा आहे का, की फक्त रजिस्ट्रेशन टेबलवर बसवतात, एवढं विचार आणि मग ठरव. टेबलवरच बसवणार असतील तर फी कशाला, नाष्टा तर घरीपण मिळतो.

प्रश्न : या संस्थांचे कार्यक्रम कोल्हापूर शहरात आणि इंग्रजीतच का असतात? आमच्या पोरांनी काय करायचं?
– एक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, इंग्रजीचं कारण सवय आणि थोडा रुबाब. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीतच काम करतेय, काही अडलं नाही. तिच्या 1974 च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं आलेल्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि लेखक निघाले जयंत नारळीकर, जे जन्मले आपल्या कोल्हापुरातच. नावामुळं बक्षीस मिळालं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी नाव लपवलं होतं. सांगायचं काय, संस्थेनं मराठीत एक स्पर्धा घेतली तर कोण लिहायला बसेल ते आधी कळत नाही.

‘शाळाशाळांत शून्य सावली दिवस’ (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते तो दिवस) हे उद्दिष्टही दरवर्षी कुणीतरी लिहितंच. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, शाळेला सुट्टी, आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा इथं सूर्य दिसला तर नशीब. हे पुण्या-मुंबईचं कॅलेंडर तसंच पुढं पाठवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, तुमच्यासारख्याच्या येतं. म्हणून संस्थेकडं नुसती तक्रार करू नका, ‘तालुक्याच्या गावी मराठीत दोन कार्यक्रम, एक गडहिंग्लजला’ असा लेखी ठराव वार्षिक सभेआधी पाठवा आणि हॉल आमचा म्हणून सांगा. फुकटचा हॉल म्हटलं की कार्यकारिणी लगेच ऐकते. फक्त वेळ ठरवताना खेड्यातल्या पोरांची परतीची शेवटची एसटी कितीला आहे ते आधी बघा.