किरकोळ दुरुस्तीला कारागीर मिळत नाही, तेव्हा

प्रश्न : माझे वय ७१ आहे. अर्धांगवायूनंतर यजमान चाकाच्या खुर्चीवर आहेत आणि मुलगा परदेशात असतो. स्वयंपाकघरातला नळ गळतो, न्हाणीघराची कडी अडकते, गिझरच्या बटणात कधीकधी ठिणगी दिसते आणि कमोडवरून उठताना यजमानांना धरायला आधार नाही. एवढ्याशा कामाला कोणी येत नाही आणि आले तर किती पैसे मागतील याची धास्ती वाटते. हा खर्च गृहनिर्माण संस्थेने करायचा असतो का? शासनाची मदत मिळते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण नळाचा उल्लेख आधी केला आहे, परंतु काम गिझरपासून सुरू करावे आणि ते होईपर्यंत गिझर वापरू नये. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. जुन्या घरांत तो पुष्कळदा ६ अँपिअरच्या साध्या बटणावर जोडलेला असतो, किंवा बटणामागची तार सैल झालेली असते, आणि ठिणगी बहुधा त्यामुळेच पडते. परवानाधारक वायरमनकडून १६ अँपिअरचे बटण बसवून घ्यावे, त्याच वेळी अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कोठे झिरपू लागली तर पुरवठा लगेच तोडणारा सुरक्षा स्विच) नसेल तर तोही बसवावा.

त्यानंतर कमोडजवळचा आधार. टॉवेल अडकवायची दांडी किंवा रबरी चकतीने भिंतीला चिकटणारी मूठ यांवर माणसाचा भार कधीही टाकू नये. स्टीलची जाड दांडी यजमानांचा जो हात अधिक बळकट आहे त्या बाजूला, जमिनीपासून साधारण ७० ते ८० सेंटिमीटर उंचीवर बसवावी. नेमकी उंची त्यांना प्रत्यक्ष बसवून, उठायला लावूनच ठरवावी. तिचे बोल्ट नुसत्या टाइल-प्लास्टरमध्ये नव्हे, तर विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्के रुतले पाहिजेत. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर कारागिराला तसे आधीच सांगावे. न्हाणीघराची कडी दुरुस्त करण्याऐवजी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवावी, म्हणजे आत कोणी पडले तर दार फोडावे लागणार नाही. नळाचे काम बहुधा वॉशर बदलण्यापुरतेच असेल.

कारागीर येत नाहीत म्हणून त्यांना दोष देणे मला पटत नाही. वॉशर बदलायला पाच मिनिटे लागली, तरी जाण्यायेण्यात आणि सामान आणण्यात त्याची निम्मी सकाळ मोडते आणि मजुरी मात्र पाच मिनिटांची मिळते. म्हणून सगळी कामे कागदावर लिहून एकत्र द्यावीत आणि नुसत्या फेरीचे पैसेही देण्याची तयारी ठेवावी. याहून चांगला मार्ग म्हणजे संस्थेने किंवा जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाने एखाद्या माहितीतल्या प्लंबरला आणि वायरमनला महिन्यातला एक दिवस ठरवून देणे, कामांचे दर सूचनाफलकावर लावणे आणि ज्या घरी वृद्ध माणसे एकटी आहेत तेथे समितीच्या एका सदस्याने सोबत जाणे. आपण सचिवांना तसे लेखी सुचवावे. अशी गरज असलेले घर आपल्या इमारतीत बहुधा आपले एकटेच नसेल. दर ठरवताना चिरंजिवांना व्हिडिओ कॉलवर घेतले आणि पैसेही त्यांनीच ऑनलाइन दिले, तर आपली धास्ती बरीच कमी होईल.

खर्चाविषयी : सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती, बाहेरील सामाईक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या, जिना, लिफ्ट आणि सदनिकेच्या मुख्य स्विचपर्यंतची वीजवाहिनी यांची दुरुस्ती संस्थेकडे असते. आपण लिहिलेली चारही कामे सदनिकेच्या आतली असल्याने त्यांचा खर्च आपल्यालाच करावा लागेल.

शासनाच्या ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’तून ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीस एकदाच ३,००० रुपये मिळतात, मात्र ते कमोड खुर्ची, वॉकर यांसारख्या साधनांसाठी असतात, दुरुस्तीसाठी नव्हे. उत्पन्नाची अट बसत असेल तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या निःशुल्क मदतवाहिनीवरही योजनांची माहिती मिळते. तेथून प्लंबर मात्र पाठवला जात नाही.