मागचा एक्सल बदलायचाय, पण कुठला घ्यावा?

प्रश्न: माझी 1984 ची शेवरोले के-10 पिकअप आहे, हाफ-टन, फोर बाय फोर. मागे कंपनीचाच टेन-बोल्ट (कव्हरला दहा बोल्ट असलेला) एक्सल आहे. हल्ली ट्रेलर ओढायचं काम वाढलंय आणि टायरही मोठे टाकलेत. परवा चढावर शाफ्ट तुटला आणि चाक ड्रमसकट बाहेर सरकलं, स्पीड कमी होता म्हणून निभावलं. एक मित्र म्हणतो फोर्टीन-बोल्ट (चौदा बोल्टवाला) एक्सल टाक, दुसरा म्हणतो नुसते भारीतले शाफ्ट टाक, कमी पैशात होईल. कुणाचं ऐकू?

उत्तर: पहिल्याचं ऐका, पण फोर्टीन-बोल्टमधला फुल-फ्लोटिंग (शाफ्टवर गाडीचं वजन न येणारा) 10.5 इंची घ्या, हे माप आतल्या मोठ्या दातेरी चाकाचं, म्हणजे क्राऊनचं, कारण त्याच नावात 9.5 इंची सेमी-फ्लोटिंगही (शाफ्टवर वजनही येणारा) मिळतो आणि त्यात तुमचं मूळ दुखणं तसंच राहतं. चाक बाहेर का आलं ते बघा. टेन-बोल्टमध्ये शाफ्ट डिफच्या (एक्सलच्या मधल्या गोळ्यातल्या डिफरन्शियलच्या) आत एका छोट्याशा सी-क्लिपने अडकवलेला असतो, बेअरिंगही थेट शाफ्टवरच फिरतं, म्हणजे गाडीचं वजनही त्यानेच पेलायचं आणि चाकही त्यानेच फिरवायचं, मग तो तुटला की चाकाला धरून ठेवणारं काही उरत नाही. फुल-फ्लोटिंगमध्ये हब ट्यूबच्या टोकावर स्वतःच्या दोन बेअरिंगवर बसतो, शाफ्टला फक्त फिरवायचं काम. तुटलाच तर हबचे बोल्ट काढायचे, शाफ्ट ओढून काढायचा, चाक जागच्या जागी. भारीतले शाफ्ट टाकले तरी सी-क्लिप तीच राहणार, आणि मागे ट्रेलर असताना तो धोका मी तरी कुणाला घेऊ देणार नाही.

आता ताकदीचं. तुमचा क्राऊन 8.5 इंची आहे, हा 10.5, शिवाय याच्या पिनियनला, म्हणजे क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, तीन बेअरिंगचा आधार असल्याने लोड आला तरी तो सहसा क्राऊनपासून बाजूला ढकलला जात नाही. शाफ्ट बघताना लोक स्प्लाईनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे) दाते मोजतात आणि फसतात. डेना 44 या दुसऱ्या एका एक्सलचा 30 स्प्लाईनचा शाफ्ट साधारण 1.31 इंच जाड असतो, फोर्टीन-बोल्टचाही 30 स्प्लाईनचाच पण जाडी दीड इंच, आणि पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे स्टील सारखंच धरलं तरी जवळपास दीडपट. म्हणून जाडी विचारा, दाते नाही.

तुमची गाडी फोर बाय फोर आहे, त्यामुळे सगळ्यात आधी रेशो बघा, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते. पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा, नाहीतर फोर व्हीलमध्ये टाकलं की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आवळत जाते आणि शेवटी काहीतरी तुटतं. क्राऊनवर दात्यांचे आकडे कोरलेले असतात, क्राऊनच्या 41 ला पिनियनच्या 11 ने भागलं की 3.73, 41 ला 10 ने भागलं की 4.10. पुढे 3.08 असेल आणि मागे 4.10 आणलात तर पुढचाही बदलावा लागेल, आणि त्याच स्पीडला जिथे इंजिन 2000 वर फिरायचं तिथे 2660 च्या आसपास फिरेल. ट्रेलरला ते चांगलंच आहे, रिकाम्या गाडीला पेट्रोल जास्त लागेल.

एक्सल 1973 ते 1987 मधल्या त्याच पिढीच्या पिकअपचा, सिंगल चाकाचा शोधा, पाट्यांच्या बैठका जुळतात आणि वेल्डिंग वाचतं. ड्युअल चाकाचा किंवा कॅब-चॅसिसचा (मागे हौदा नसलेल्या गाडीचा) नको, रुंदी वेगळी असते. ट्यूब जाड असल्याने यू-बोल्ट नवे लागतील, प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस कन्व्हर्जनचा (दोन वेगळी मापं जोडणारा) लागेल, आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी गाडी चाकांवर उभी असतानाच मोजा, जॅकवर असताना नाही, पाटे लोंबले की माप चुकतं. मागची चाकं आठ बोल्टची होतील, पुढची सहाचीच राहिली तर स्टेपनी दोन बाळगाव्या लागतात. ड्रम मोठे आहेत, रिकाम्या गाडीत मागची चाकं आधी लॉक होतात का ते मोकळ्या जागेत तपासून घ्या. डिफचा गोळा खाली जास्त लोंबतो, दगडाधोंड्यांतून जात असाल तर हे आधीच लक्षात घ्या.

प्रश्न: जुना एक्सल विकत घेताना तो चांगलाय हे ओळखायचं कसं?

उत्तर: कव्हर उघडू देत नसतील तर घेऊच नका. तळाला राखाडी बारीक चिखल असतोच, त्याला घाबरू नका, पण चमकणारे पापुद्रे किंवा तुकडे दिसले तर सोडून द्या. दाते निळसर पडले असतील तर तो ऑइलशिवाय चाललेला आहे. पिनियनचा योक (प्रॉपेलर शाफ्ट जोडायचं बाहेरचं टोक) धरून वरखाली हलवा, तिथे जराही प्ले नको, गोल फिरवताना किंचित असला तर चालतो. आणि सील बदलताना पिनियनचा नट मनाला येईल तसा आवळू नका, आतली क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी छोटी नळी) जास्त दबली की बेअरिंग गरम होऊन जातं. उघडण्याआधी नट आणि योकवर खूण करून ठेवा.