आधी निवडपत्र, मग टाइप रेटिंग

*ताई, मी निफाड तालुक्यातली, वय 24. आठ महिन्यांपूर्वी सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) मिळालं, पण त्यासाठी काढलेलं 38 लाखांचं कर्ज अजून डोक्यावर आहे. नाशिकमधला एक एजंट म्हणतो, परदेशात एअरबस ए320 चं टाइप रेटिंग (त्या ठरावीक विमानासाठीची पात्रता) कर, 16 लाख लागतील, नोकरीची हमी आमची. शनिवारपर्यंत दोन लाख टोकन भरायचंय. पप्पा द्राक्षबागेवर बोजा चढवायला तयार आहेत. काय करू? – निफाडची लेक*

पोरी, टोकन भरू नकोस.

रेटिंग तुला लागणारच आहे. पण कोणत्या विमानाचं, हे एजंटनं ठरवावं असं काही नाही. अकासा एअरकडे फक्त बोइंग 737 मॅक्स आहेत, तिथे ए320 चं रेटिंग चालणार नाही. इंडिगोकडे ए320 बरोबर एटीआर ही छोटी विमानंही आहेत. कोणती कंपनी तुला घेते यावर विमान ठरतं, आणि घेणं-न घेणं एजंटच्या हातात नसतं. लेखी चाचणी, अभियोग्यता चाचणी, सिम्युलेटर (विमानाची नक्कल करणारं यंत्र) वरची परीक्षा, मुलाखत, हे सगळं तुलाच पार करावं लागेल. म्हणून त्याच्याकडे एकच कागद माग: विमान कंपनीच्या लेटरहेडवर, तुझ्या नावानं, 'रेटिंग पूर्ण केल्यास नेमणूक' असं निवडपत्र. ते मिळालं, तर त्या कंपनीच्या भरती विभागाकडून खरं-खोटं करून घे, आणि मगच पैशाचा विचार कर. 'आमची ओळख आहे' याला हमी म्हणत नाहीत.

आता 16 लाखांचा हिशेब. बारा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला सुमारे 28 हजार, तोही 38 लाखांच्या हप्त्यावर. बागेचा पैसा वर्षातून एकदा, काढणीनंतर येतो, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळीनं मणी गळाले की तोही येत नाही. बँकेला हप्ता मात्र दरमहा लागतो. तुझ्या नोकरीची तारीख ठरलेली नसताना सातबाऱ्यावर बोजा चढवणं मला पटत नाही.

शिवाय त्या 16 लाखांत काय काय आहे? जीएसटी, व्हिसा, राहणं-जेवण धरलंय का? फुल फ्लाइट सिम्युलेटरचं एक सत्र साधारण चार तासांचं असतं, त्यात दोघं आळीपाळीनं विमान चालवतात. जोडीदार मिळाला नाही तर दुसऱ्या खुर्चीचे पैसे कोण देणार? एखादं सत्र जमलं नाही तर जादा तासांचा दर काय? खरं विमान उतरवण्याचा सराव, म्हणजे बेस ट्रेनिंग, धरलंय का? आणि ती संस्था डीजीसीएला, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, चालते का? हे सगळं लेखी घे. अडचण बहुतेक याच ठिकाणी येते.

मला याहून मोठी भीती वेगळीच वाटते. आठ महिने उडाली नसशील तर उपकरणांवरची नजर मंदावलेली असेल. अशी मुलगी सिम्युलेटरमध्ये बसली की ऑटोपायलट काढून फक्त उपकरणांवर विमान चालवताना ती मागे पडते, सत्रं वाढतात आणि बिलही. बरं, रेटिंग झालंच आणि नोकरी वर्षभर लांबली, तर सराव तुटतो. मग पुन्हा पैसे मोजून रिफ्रेशर.

तेव्हा आधी हातातलं लायसन्स कामाचं ठेव. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (फक्त उपकरणांवर विमान चालवण्याच्या पात्रतेची) मुदत वर्षभराची, क्लास 1 मेडिकलची, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचीही तेवढीच. दोन्हींच्या तारखा आज तपास. एक संपली तरी अर्ज अडतो. एटीपीएलच्या (सीपीएलच्या वरच्या लायसन्सच्या) पेपरांचा अभ्यास सुरू कर, मुलाखतीतही तो कामी येतो. धुळे, शिरपूर, बारामती इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये सहायक प्रशिक्षकाच्या रेटिंगची चौकशी कर. ते रेटिंग मिळालं की शिकवता शिकवता तास वाढतात, थोडे पैसेही येतात. आणि टाइप रेटिंग नसलेल्या सीपीएलधारकांसाठी जी भरती निघेल, तिला अर्ज करत राहा.

पप्पांना हे उत्तर वाचून दाखव. ते तुझ्यासाठी जमीन पणाला लावायला निघालेत, त्यांना नाही म्हणणं जड जाईल हे मला कळतं. त्यांना एवढंच सांग, 'निवडपत्र आलं की मी स्वतः तुमच्याकडे येईन, मग बँकेत दोघं जाऊ.' शनिवार जाऊ दे.