वाचक विचारतात : गेटिसबर्गच्या स्मारकांवर काय वाचायचं?

प्रश्न : मुलगी बाल्टिमोरला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा अमेरिकी यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं रणांगण पाहिलं. तासाभरात सगळे खांब-पुतळे सारखेच वाटायला लागले. पुन्हा जायचा बेत आहे. पायदळाच्या एखाद्या रेजिमेंटचं स्मारक नीट कसं पाहावं? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : पुतळा सगळ्यात शेवटी पाहा. आधी दोन्ही अंगांना गवतात बुटके दगड सापडतात का ते बघा. त्यांवर ‘लेफ्ट फ्लँक’, ‘राइट फ्लँक’ किंवा नुसती आद्याक्षरं असतात. लढाईत (१ ते ३ जुलै १८६३) रेजिमेंटची फळी या दगडापासून त्या दगडापर्यंत उभी होती. डावं-उजवं शत्रूकडे तोंड करून ठरतं. म्हणून ‘लेफ्ट’चा दगड आपल्या डाव्या हाताला येईल असे उभे राहा, समोर दिसेल तो शिपायांना दिसणारा मुलूख. रस्त्यावरून दिशा ठरवू नका. आतले बरेचसे रस्ते युद्धानंतर स्मारकांपर्यंत जाण्यासाठी काढलेले आहेत.

आता पावलं टाकून अंतर मोजा. फळी दोन रांगांची असे आणि माणशी साधारण दोन फूट जागा लागे. म्हणजे ३०० शिपायांना सुमारे ३०० फूट. कागदावर रेजिमेंट दहा कंपन्यांची, हजारभर माणसांची. पण युद्धाच्या तिसऱ्या वर्षी अनेक रेजिमेंटांत तीन-चारशेच उरले होते. हिशेब जुळला नाही तर फळी वाकलेली होती का ते पाहा. लिटल राउंड टॉप या टेकडीवर २०व्या मेन रेजिमेंटने (मेन हे राज्याचं नाव) डावी बाजू मागे मुडपली होती, तिथे सरळ रेषेत मोजून उपयोग नाही.

मग स्मारकावरचं चिन्ह. ते कोअरचं असतं. काही रेजिमेंटांची ब्रिगेड आणि अनेक ब्रिगेडींची मिळून कोअर. गोल म्हणजे पहिली कोअर, तीन पाकळ्यांचं पान दुसरी, पत्त्यांतल्यासारखी चौकट तिसरी, टोकं रुंदावत जाणारा माल्टीज क्रूस पाचवी, साधा क्रूस सहावी, चंद्रकोर अकरावी, तारा बारावी. ही सगळी उत्तरेच्या सैन्याची. दक्षिणेच्या रेजिमेंटांची स्वतंत्र स्मारकं तिथे फार थोडी आहेत. त्यांच्यासाठी ब्रिगेडच्या ब्राँझ पाट्या शोधाव्या लागतात. गोल चौथऱ्यावरची पाटी दक्षिणेची, चौकोनी चौथऱ्यावरची उत्तरेची.

ग्रॅनाइटवरची अक्षरं भर दुपारी दिसत नाहीत, सकाळच्या किंवा कलत्या उन्हात वाचा. अक्षरांत खडू भरू नका.

प्रश्न : २०व्या मेनचे शिपाई पुस्तकात ३८६ आणि दगडावर ३५८. खरं कोणतं? – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : दोन्ही आकडे मोजणीचे आहेत, फक्त मोजणी वेगळी. हजेरीपटावरचे सगळे धरले की संख्या फुगते, प्रत्यक्ष फळीत उभे असलेलेच धरले की उतरते. मृतांचंही तसंच. सरकारी नोंदीत २९ ठार, ९१ जखमी, ५ बेपत्ता, एकूण १२५. वाचलेल्या सैनिकांनी १८८६ मध्ये दगड बसवला, त्यावर ३८ ठार किंवा जखमांनी दगावलेले आणि ९३ जखमी, एकूण १३१. नंतर इस्पितळात मेलेले पहिल्या यादीत ‘जखमी’च राहतात. ‘बेपत्ता’ म्हणजे मेलेलाच असंही नाही, कित्येक जण कैद झालेले असत. टक्केवारी काढायची तर एका ठिकाणचेच आकडे घ्या. दगडावरून हानी शंभरात ३७ येते. सरकारी हानी ३८६ ला भागली की तीच ३२ वर उतरते.

त्याच दगडावर, निशाण जिथे होतं त्याच्या ‘अगदी जवळपास’ हे स्मारक आहे, असं कोरलंय. स्मारकावर ‘जवळपास’ लिहायला धीर लागतो.

प्रश्न : पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय उचललेला असेल तर स्वार जखमी, दोन असतील तर रणात पडला, हे खरं का? काळा घोडा चौकात यावरून पैज लागली आहे. – दोघे मित्र, रावपुरा

उत्तर : नाही. सयाजीराव महाराजांचा तो पुतळा त्यांच्या हयातीतच उभा राहिला, त्यात मृत्यूची खूण असणार कशी? गेटिसबर्गला दक्षिणेचा सेनानी लाँगस्ट्रीट याच्या १९९८च्या पुतळ्यात घोड्याने पाय उचललाय, पण त्या लढाईत तो जखमी झाला नव्हता. पैजेचे पैसे परत करा.

प्रश्न : स्मारक कुठे उभारायचं हे कोण ठरवत असे? – एक वाचक, वाडी

उत्तर : १८६४ मध्ये स्थापन झालेली स्मारक संस्था. १८९५ मध्ये जमीन युद्धखात्याकडे आणि १९३३ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेली. संस्थेचा नियम असा की रेजिमेंट फळीत जिथे उभी होती तिथेच मुख्य स्मारक. पुढे धावून गेली असली तरी त्या जागी नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ७२व्या रेजिमेंटच्या सैनिकांना हे मान्य नव्हतं. ३ जुलैला ते आधी मागच्या रांगेत होते, नंतर दगडी भिंतीकडे धावले. संस्था मागची जागा देत होती, त्यांना भिंतीलगतची हवी होती. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८९१ मध्ये सैनिक जिंकले. बंदूक उलटी धरून दस्त्याने हाणणारा ब्राँझचा शिपाई भिंतीपाशी दिसतो, तो त्यांचाच. २०१३च्या वादळात तो खाली कोसळला होता. दुरुस्त करून पुन्हा त्याच जागी बसवला आहे.