लाईट बिल दुप्पट आलं, कंपनी बदलता येते का?

प्रश्न: दादा, आम्ही धायरीत टू बीएचकेमध्ये राहतो, आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. मार्चपर्यंत १७५ च्या आसपास युनिट यायचे, मेच्या बिलात एकदम ३४० आणि पैसे तर दुपटीच्याही वर. एसी आहे पण सासूबाईंच्या खोलीत रात्री चारच तास लावतो. नणंद मालाडला असते, ती म्हणते आम्ही अदानीवरून टाटावर गेलो, तुम्हीपण बदलून टाका. पुण्यात असं करता येतं का? कोण स्वस्त पडेल?
- एक वाचक, धायरी

उत्तर: ताई, नाही करता येत. मुंबईच्या उपनगरात एकाच भागात वीज विकायचा परवाना दोन कंपन्यांकडे आहे म्हणून नणंदेला निवड मिळाली, पुण्यात घरगुती ग्राहकाला महावितरण एके महावितरण. (आपण अजून एमएसईबी म्हणतो, पण ती २००५ मध्येच वेगवेगळ्या कंपन्यांत विभागली गेली.) आणि दर महावितरण मनाने लावत नाही, राज्य वीज नियामक आयोग ठरवून देतो.

तेव्हा तुलना करायचीच तर स्वतःच्या दोन बिलांची करा, मार्चचं आणि मेचं शेजारी ठेवून. घरगुती दराचे स्लॅब आहेत: १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. खूप जणांना वाटतं की १०१ वा युनिट पडला की सगळेच युनिट महाग होतात, तसं अजिबात नाही, पहिले १०० कायम स्वस्तातच लागतात. पण दुसऱ्या स्लॅबचा वीज आकार (म्हणजे युनिटचा मूळ दर) पहिल्याच्या दुपटीच्या आसपास आहे, आणि तुमचे त्या स्लॅबमधले युनिट मार्चमध्ये ७५ होते ते मेमध्ये २०० झाले, वर ४० तिसऱ्या स्लॅबमध्ये गेले. म्हणून युनिट दुप्पट नसतानाही पैसे दुपटीच्या वर गेले. शिवाय वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा खर्च) प्रत्येक युनिटला लागतो आणि वर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे सरकारचा कर.

आता हे वाढलेले १६५ युनिट आले कुठून? जुना दीड टनी एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. चार तास गुणिले तीस दिवस, १२० ते १८०. हिशोब जुळला बघा. सासूबाईंचा एसी बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही, मेच्या उकाड्यात वयस्कर माणसाला तो लागतोच, फक्त २६ वर ठेवून पंखा बारीक चालू ठेवा, फरक पडतो. काटकसर गीझरवर करा. २००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला की दिवसाला एक युनिट, म्हणजे महिन्याला ३०, आणि आपल्याकडे तो सकाळी लावून विसरला जातो.

बिलावर मागच्या आणि चालू रीडिंगची तारीखही बघा. रीडिंग उशिरा घेतलं असेल तर दिवस जास्त भरतात आणि युनिट फुगलेले दिसतात. बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा.

सोलरचं म्हणाल तर पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, पण फ्लॅटवाल्यांचं गाडं गच्चीच्या परवानगीवर अडतं, आधी सोसायटीत विषय काढा.

आणि एवढं करूनही शंका राहिली तर एक गोष्ट आजच करा, घरातला मेन स्विच बंद करून खाली मीटरपाशी जा आणि लाल दिवा पाच-दहा मिनिटं बघा. मेन बंद असतानाही तो लुकलुकत राहिला तर तुमच्या मीटरवर दुसरी कुठलीतरी लाईन आहे किंवा मीटरमध्येच गडबड आहे. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जिन्यातले दिवे कित्येक महिने आमच्याच मीटरवर चालले होते, वायरिंगवाल्याने चुकून जोडलेले, आणि आम्ही घरात मुलांना पंखे बंद करा म्हणून ओरडत होतो. लुकलुकला तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि मीटर टेस्टिंगचा लेखी अर्ज द्या, नुसतं तोंडी सांगून येऊ नका.