"हे तिकडं हायेत": लांब असणं भाषा कशी सांगते

तुम्ही विचारलंय की "दूर असणं" वेगवेगळ्या भाषा कशा सांगतात, आणि मराठीत दूर आणि लांब हे दोन शब्द सोडले तर अजून काही आहे का. आहे, भरपूर आहे, आणि त्यातलं बरंचसं मला कॉलेजात नाही तर घरातच ऐकायला मिळालं.

मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील ऊसतोडीला जायचे, दसरा-दिवाळी झाली की गाडी यायची आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आसपास ते परत येईपर्यंत आम्ही लेकरं आजीपाशी. पुढं शिकत शिकत भाषाशास्त्रात एम.ए. झालं, तेव्हा वर्गात "अंतरवाचक दर्शक सर्वनामं", म्हणजे जवळ-लांब दाखवणारे हा, तो असे शब्द, असा धडा आला आणि मला पहिल्यांदा आईचं एक वाक्य आठवलं.

एका वर्षी धाकटा भाऊ व्हायचा होता म्हणून आई घरी थांबली, वडील एकटेच गेले, अर्धा कोयता म्हणून. (नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा, आमच्याकडं माणसं अशीच मोजतेत.) ते कोल्हापूरकडच्या एका कारखान्याला होते, म्हणजे आमच्यापासून ३०० किलोमीटरच्या वर. एसटीच्या हिशोबात सांगायचं तर एक टप्पा ६ किलोमीटरचा, तसे ५० टप्पे ओलांडून. शेजारची कुणी विचारलं की आई उंबऱ्यात बसून गहू निवडता निवडता म्हणायची, "हे तिकडं हायेत." दर वेळी हेच. मी लहान होते, मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही, पण आता बघा, त्या तीन शब्दांच्या वाक्यात माणूस जवळ आहे आणि जागा लांब आहे. "हे" म्हणजे हातासमोरचं, "तिकडं" म्हणजे नजरेच्या पलीकडचं. ३०० किलोमीटरवर उसाच्या फडात असलेल्या माणसाला ती "ते" कधीच म्हणाली नाही.

मराठी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणून "हे" म्हणते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नाव टाळायचंच असेल तर "ते" पण चाललं असतं ना? मग जवळचाच शब्द का घेतला, हा खरा प्रश्न आहे, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाची चावी इथंच आहे. भाषेतलं जवळ-लांब किलोमीटरवर चालतच नाही. दिसतंय का, हाताला लागतंय का, आपलं आहे का, यावर चालतं.

यातलं दिसण्याचं जे आहे ते तर कितीतरी भाषांनी व्याकरणातच बसवून टाकलंय. संस्कृतचा एक जुना श्लोक आहे, विद्यार्थ्यांना सर्वनामं पाठ व्हावीत म्हणून केलेला, त्यात म्हणलंय की इदम् जवळच्यासाठी, एतद् अगदी जवळच्यासाठी, आणि पुढं "अदसस्तु विप्रकृष्टं तदिति परोक्षे विजानीयात्", म्हणजे अदस् हे लांबच्यासाठी आणि तद् हे परोक्ष, म्हणजे डोळ्याआड असलेल्यासाठी. चार पायऱ्या! त्यात लांब असून दिसणारं वेगळं आणि दिसतच नाही ते वेगळं. आपलं मराठी "तो, ती, ते" या तद् मधूनच आलंय. म्हणजे मुळात डोळ्याआडच्या माणसाचा शब्द, आणि आई तो वडिलांना लावायला तयार नव्हती. हे मला वर्गात कळलं तेव्हा मी वही बंद करून बसले होते, पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही.

आपली बहुतेक मराठी आता दोनच पायऱ्यांवर आलीय, हा आणि तो. पण सिंहलीनं चार ठेवल्यात, आणि सिंहली आपल्याच भाषाकुळातली आहे बरं का, लंकेत असली तरी. हॉस्टेलला श्रीलंकेची एक मुलगी होती, तिनं मला टेबलावरच्या वस्तू दाखवत समजावलं होतं: "मे" म्हणजे माझ्याजवळचं, "ओय" म्हणजे तुझ्याजवळचं, "अर" म्हणजे दोघींपासून लांब पण ते बघ दिसतंय, आणि "ए" म्हणजे इथं नाहीच, फक्त बोलण्यात आहे. जपानी आणि स्पॅनिशमध्ये तीन आहेत: जपानीत कोको, सोको, असोको, स्पॅनिशमध्ये एस्ते, एसे, आकेल. आणि मादागास्करच्या मालागासी भाषेत तर दिसणाऱ्या जागांचे शब्द एका रांगेत आणि न दिसणाऱ्या जागांचे दुसऱ्या रांगेत, पहिल्या रांगेत सुरुवातीला ए, दुसरीत आ. "एरी" म्हणजे लांब तिथं, दिसतंय. "आरी" म्हणजे लांब तिथं, दिसत नाही. त्या भाषेत माझी आई काय म्हणाली असती ते मी किती वेळा डोक्यात जुळवून पाहिलंय, जागेसाठी आरीच वापरावं लागलं असतं.

आवाजाचं पण एक आहे. आपल्या शेजारच्या भाषा घ्या, कानडीत इल्ली आणि अल्ली, तेलुगूत इक्कड आणि अक्कड, तमिळमध्ये इंगे आणि अंगे. जवळच्याला इ, लांबच्याला अ. हंगेरियन कुठली कुठं, तिथं पण "हे" म्हणजे एझ आणि "ते" म्हणजे अझ, आणि इंडोनेशियात "इथं" म्हणजे सिनी, "तिथं" म्हणजे साना. सगळीकडं असंच असतं असं नाही, पण तोंड बारीक केलं की जवळचं आणि तोंड उघडलं की लांबचं हे पुष्कळ ठिकाणी दिसतं. आमच्या गावात तर ते ऐकूच येतं. वाट विचारली की म्हातारं माणूस हनुवटी वर करून सांगतं, "त्या तितंऽऽऽ, पल्याड," आणि तो स्वर जेवढा वढला तेवढं चालायचं. छोटा "तितं" असला तर शेत ओलांडून, लांब "तितंऽऽऽ" असला तर दुपार होणार. मी माझ्या आजीच्या नुसत्या स्वरावरून सांगू शकायचे की नदी लागणार का नाही.

नदीवरून आठवलं, मराठीत लांबपणाचे निम्मे शब्द नदीकाठचेच आहेत. पैल, पैलतीर, पल्याड, आणि "पार". "पार कोल्हापूरला गेलेत" असं आपण म्हणतो त्यातला पार म्हणजे संस्कृतातला पलीकडचा काठ. आमच्या जिल्ह्याला उत्तरेला गोदावरी, आणि कारखान्याला खाली जायचं म्हणलं की सीना ओलांडायची, भीमा ओलांडायची, त्यामुळं आमच्यासाठी पार हा शब्द खराखुरा पार आहे. आजी विचारायची, "भीमा वलांडली का गं त्यांनी?" किती किलोमीटर झाले ते तिनं कधी विचारलं नाही. बंगालीत लांब देश सांगायचा तर "सात समुद्र तेरो नदीर पार" म्हणतात, सात समुद्र आणि तेरा नद्यांच्या पलीकडं. आपण सातासमुद्रापार म्हणून थांबतो, बंगाल्यांच्या मुलखात नद्याच इतक्या की त्या मोजल्याशिवाय लांब होतच नाही.

मोजमापाचे शब्द पण असेच अंगावरून आलेत. कोस म्हणजे संस्कृत क्रोश, त्याचा मूळ अर्थच ओरडणं, हाक. योजन हे बैल-घोडे जुंपण्यावरून. इंग्रजी मैल हे लॅटिनमधल्या हजार पावलांवरून. फिनलंडच्या उत्तरेला एक जुनं माप होतं, पोरोनकुसेमा, म्हणजे रेनडिअर मुतायला थांबल्याशिवाय जेवढं चालतं तेवढं अंतर. ऐकायला मजेशीर वाटतं पण ज्यांचं सगळं आयुष्य त्या जनावरामागं गेलं त्यांना याहून नेमकं माप दुसरं कुठलं मिळणार. आमच्याकडं बैलगाडीनं जाणाऱ्यांना विचारा, ते पण "दोन पाण्याचा रस्ता" असं काहीतरी बैलांना पाणी पाजायच्या हिशोबातच सांगतील.

"लांब" हा शब्द मात्र फार आपला आहे. मुळात लम्ब म्हणजे लोंबणारं, त्यावरून लांबलचक, आणि मराठीनं तोच शब्द अंतराला लावला. दोरी लांब आणि गाव पण लांब. हिंदीत दोरी लंबी होते पण गाव दूरच राहतं. तमिळमध्ये लांब अंतराला "तोलैवु" म्हणतात, आणि "तोलै" म्हणजे हरवणं. लांब म्हणजे हरवलेलं! टीव्हीला पण ते तोलैक्काट्चि म्हणतात, आपण दूरदर्शन, जर्मन लोक फेर्नझेएन, तिन्हींचा अर्थ लांबचं बघणं.

जर्मनमध्ये अजून एक शब्द आहे, फेर्नवे, म्हणजे लांब कुठंतरी जावंसं वाटण्याची हुरहुर, घरच्या ओढीच्या बरोबर उलटी. मला तो शब्द समजतो पण मनात उतरत नाही, जिथं दर वर्षी अर्धं गाव पोटासाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन मुकादमाच्या मागं जातं तिथं असा शब्द तयार व्हायचं काही कारण नव्हतं. पण त्यांचा एक वाक्प्रचार मला लई आवडतो, कुणी नकोसं झालं की ते म्हणतात, "जा तिकडं, जिथं मिरी उगवते." आता मिरी मुळात आपल्या मलबारची. म्हणजे जर्मनांचं जगाचं टोक आपल्या केरळात आहे. तसंच १३२७ च्या सुमाराला मुहम्मद तुघलकानं राजधानी हलवली तेव्हा दिल्लीकरांसाठी जगाचं टोक म्हणजे आमचं दौलताबाद होतं, आणि "हनोज दिल्ली दूर अस्त", दिल्ली अजून लांब आहे, हे वाक्य दिल्लीच्या ज्या सूफी संताच्या, निजामुद्दीन औलियांच्या, नावावर सांगतात त्यांच्या शिष्याचा, बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आमच्या खुलताबादेत आहे. आपली मराठी माणसं लांब म्हणलं की "अटकेपार" म्हणतात, ते १७५८ सालचं. प्रत्येक भाषा आपल्या माणसाचा पाय जिथवर गेला तिथं नाहीतर त्याच्या थोडं पुढं खूण करून ठेवते.

आता एक गोष्ट जी पुस्तकात सहसा लिहीत नाहीत पण मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. पाळी आली की "ती लांब बसलीय", "दूर बसलीय" म्हणतात. त्याच घरात, चार हातावर, भिंतीला टेकून बसलेली पोरगी, आणि ती लांब! तमिळमध्ये पण हुबेहूब असंच आहे, "वीट्टुक्कु दूरम्" म्हणतात, घरापासून दूर. मी पण तशी बसलेय, पोतं टाकून, आणि आजी वरून पाणी ओतायची, हात लागू नये म्हणून. किलोमीटरनं बघितलं तर शून्य अंतर. आईच्या बोलण्यात तिकडं कारखान्याला असलेले वडील "हे", आणि मी घरात, मी "लांब". मला याचा राग आजही आहे, आणि भाषा इतकी खरं बोलते याचं नवलही आहे, कारण त्या चार दिवसात मला खरंच लांब असल्यासारखंच वाटायचं.

मागच्या वर्षी मी आईला सरळ विचारलं, की ते तिकडं असताना तू त्यांना "हे" का म्हणायचीस, "ते" का नाही. ती आधी लाजली, मग म्हणाली, "ते म्हणल्यावर परक्यावानी वाटतंय की."

आणि निघताना काय म्हणतात ते राहिलंच. मराठीत "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. बंगालीत पण नुसतं "आशी", म्हणजे येते. तेलुगूत "वेळ्ळोस्तानु", कानडीत "होगि बर्तिनी", तमिळमध्ये "पोयिट्टु वरेन", या तिघांत जाणं आहे पण त्याला लगेच येणं जोडलेलं आहे, जाऊन येते. इतक्या भाषांना नुसतं जाणं तोंडातून काढवत नाही. त्या वर्षी पहाटे ट्रक आला, वळकटी, पीठ, कोयता वर टाकला, वडील चढले आणि म्हणाले, "येतो." आईच्या पोटात भाऊ, हातात कंदील, समोर पाच महिन्यांचं अंतर. ती म्हणाली, "या."