ती वाटी लगेच का धुतलीत?

पत्र : ताई, आम्ही डोंबिवलीहून नाशिकला येऊन अडीच वर्षं झाली. पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मुलगा पुण्यात शिकतो. मला बेकिंगची पहिल्यापासून आवड. इथे आल्यापासून दर शनिवारी केक नाहीतर कुकीज करते आणि आमच्या विंगमधल्या ११ घरांत देते. कुणाला अंडं चालत नाही, कुणाला अक्रोड, सगळं लक्षात ठेवते. डबे परत करायचा कुणाला त्रास नको म्हणून पुठ्ठ्याचे बॉक्स आणून ठेवलेत. मागच्या ऑगस्टमध्ये मिस्टरांना डेंग्यू झाला, तेव्हाही शनिवार चुकवला नाही. तोंडावर सगळ्या गोड बोलतात, 'तुमच्यासारखं आम्हाला कुठं जमतंय' म्हणतात. पण कोजागरीला सगळ्या गच्चीवर जमल्या होत्या, ते मला दुसऱ्या दिवशी ग्रुपवरच्या फोटोंवरून कळलं. पापड-कुरडयांना एकमेकींकडे जातात, मला कुणाची हाक नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गेल्या उन्हाळ्यात एकदा वाटीभर चीक घेऊन आल्या होत्या, मी लगेच वाटी धुऊन त्यात केक भरून दिला. मिस्टर म्हणतात, लोक फुकटचं खातात आणि विसरतात. मी हे सगळं बंद करू का? माझं काय चुकतंय?

उत्तर : कोजागरी, फोटो, मिस्टरांचा राग, सगळं क्षणभर बाजूला ठेवू. मला त्या वाटीबद्दल बोलायचंय, जिला तुम्ही एवढ्या पत्रात जेमतेम एक ओळ दिलीत.

तुमच्याकडे कुरडया घालत नसतील तर तो चीक म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलंही नसेल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटायचे, पिळून गाळून चोथा वेगळा काढायचा आणि खाली उरलेलं दूध रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वर पाणी चढलेलं असतं, ते हलक्या हाताने ओतून दिलं की तळाशी घट्ट पांढरा चीक राहतो. मग मोठ्या पातेल्यात आधणाला मीठ घालून एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने हाटायचा. थांबायचं नाही. गुठळी झाली की सोऱ्या अडतो. हे सगळं ऊन चढायच्या आत, कारण पुढे कुरडया घालायच्या असतात आणि चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही.

अशा घाईत त्या बाईंनी पातेल्यातला चीक वाटीत काढला, तुमची आठवण ठेवली आणि हातातलं काम टाकून जिना उतरून तुमच्या दारात आल्या. चीक गरम खायचा असतो. वर तूप-साखर घालून, नाहीतर नुसती तेलाची धार सोडून. तो तुम्ही खाल्लात का? पत्रात नाही. कसा लागला? तेही नाही. पत्रात आहे ते एवढंच, की वाटी धुतली आणि केक भरून परत दिली. म्हणजे त्या दारातच उभ्या असणार. तुम्ही आत जाऊन वाटी रिकामी केलीत, घासलीत, पुसलीत, केक भरलात आणि त्यांच्या हातात ठेवलीत. तीन दिवसांच्या कष्टाचा हिशेब तुम्ही पाच मिनिटांत मिटवून टाकलात. त्या परत आल्या नाहीत यात मला काहीच नवल वाटत नाही.

रिकामं भांडं परत पाठवू नये, हे आपल्या सगळ्यांच्या आयांनी शिकवलंय. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून पाठवतात. पण ती वाटी मध्ये चार दिवस आपल्या ओट्यावर असते, ते विसरू नका. त्या चार दिवसांत जिन्यात गाठ पडते, 'तुमची वाटी राहिलीय हो माझ्याकडे' म्हटलं जातं, 'असू दे, काय घाई आहे' असं उत्तर येतं. मग एखाद्या संध्याकाळी ती द्यायला म्हणून वर जाणं होतं, 'आत तरी या' होतं, चहा होतो. शेजार असाच जमतो. तुमच्याकडे कुणाची वाटी कधी राहतच नाही, ताई. आणि तुमचं भांडं कुणाकडे राहू नये म्हणून तर तुम्ही पुठ्ठ्याचे बॉक्स आणलेत. त्रास वाचवायला आणलेत हे कळतं मला. पण बॉक्स कचऱ्यात जातो आणि तुमच्या दारात यायला त्या ११ घरांकडे काही निमित्त उरत नाही.

तुमच्या विंगमधल्या बायकांच्या जागी बसून बघा जरा. वाण्याच्या वहीत उधारी चढत जावी तसा शनिवारमागून शनिवार केक येतोय. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींकडे ओव्हन नसेल, असला तर त्यात जुने पेपर आणि पातेल्यांची झाकणं ठेवलेली असतील. त्या तुम्हाला काय देणार? साबुदाण्याची खिचडी? थालीपीठ? दहा वेळा मनात येत असेल, आज डाळ-ढोकळी छान झालीय, त्यांना देऊ का, आणि हात मागे येत असेल, कारण समोर तुमचा नाव घातलेला, रिबन बांधलेला बॉक्स आहे. 'तुमच्यासारखं आम्हाला कुठं जमतंय' हे वाक्य तुम्ही कौतुक म्हणून मला लिहून पाठवलंत. मला त्यात दमलेली माणसं ऐकू येतात. त्यांनी परतफेडीचा नाद सोडलाय, आणि जिची परतफेड करता येत नाही तिच्यासमोर कुणी मोकळं बसत नाही. अशा बाईला गच्चीवर बोलावताना मनात येतं, आता त्या दूध आटवायला पण स्वतःचंच केशर घेऊन येणार.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला गेला असाल ना कुठे? तिथे वाण घेतल्याशिवाय कुणाला उठू देतात का? देणारीला घेणारी लागतेच. तुम्ही मात्र फक्त देणारी होऊन बसलात आणि दुसरीला देणारी होऊ दिलं नाहीत.

आता त्या डेंग्यूबद्दल. त्या ओळीने मला खरंच राग आला, आणि तो रागाहून जास्त काळजीचा आहे. नवरा तापाने फणफणलेला, प्लेटलेटचे रिपोर्ट, दवाखान्याच्या फेऱ्या, मुलगा पुण्यात. आणि तुम्ही रात्री उभं राहून ११ घरांसाठी केक फेटताय? कशासाठी? त्या आठवड्यात तुम्हाला कुणीतरी पोळी-भाजीचा डबा आणून द्यायला हवा होता. कुणीतरी दोन तास पेशंटजवळ बसायला हवं होतं, म्हणजे तुम्ही अंघोळ करून पडला असता. अहो, सांगितलंत का कुणाला? मला खात्री आहे की नाही सांगितलं. शनिवारी बॉक्स नेहमीसारखे दाराशी आले, तेव्हा त्या बिचाऱ्यांना वाटणार तरी कसं की या घरात कुणी आजारी आहे? पुढे कधीतरी कळलं असेल तेव्हा त्यांना लागलं असेल बरं का. आपण इतक्या परक्या, की डेंग्यूसुद्धा सांगितला नाही.

मिस्टरांना सांगा, लोक फुकटचं खात नाहीत. त्यांना काही आणायची तुम्ही सोयच ठेवली नाही.

बेकिंगची तुम्हाला एवढी आवड आहे म्हणून सांगते. आमच्या लहानपणी घराघरांत ओव्हन नव्हते, पण मे महिन्यात नानकटाई मात्र घरोघर असायची. तूप फेटून फेटून पांढरं करायचं, पिठीसाखर, मैदा, मूठभर बेसन, वेलदोडा, असं सगळं डब्यात घेऊन आया-मावश्या बेकरीच्या भट्टीवर जायच्या. भट्टीतून पाव निघाले की उतरत्या धगीवर नानकटाईचे काळे पत्रे आत जायचे. नंबर लागेपर्यंत तिथेच बाकड्यावर बसून गोळे वळायचे. आपले ओळखू यावेत म्हणून कुणी वर चारोळी लावायची, कुणी बेदाणा. एकीचं तूप कमी पडलं तर दुसरीच्या डब्यातून घ्यायचं, पीठ सैल झालं तर तिसरी सांगायची, अगं अजून थोडा मैदा घाल. ज्या बायकांची पुढे तीस-तीस वर्षं मैत्री टिकली त्यांची ओळख त्या बाकड्यावर झालेली मी पाहिलीय. नानकटाई घरी येऊन डब्यात बंद झाली की तिचं ते काम संपलेलं असायचं. तुमचा केक दारात येतो तेव्हा तो पूर्ण तयार असतो, ताई. त्यात कुणाचा हात लागायला जागा राहिलेली नसते.

म्हणून माझं सांगणं एकच. होळी झालीय, उन्हं तापायला लागलीत, गच्च्यांवर आता जुन्या साड्या अंथरल्या जातील. या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर जा. रिकाम्या हाताने जा. केक नाही, कुकीज नाहीत, बाजारातून आणलेलं फळसुद्धा नाही. बेल वाजवा आणि म्हणा, 'वहिनी, गेल्या वर्षी तुम्ही चीक आणला होतात, मला कुरडया येत नाहीत. यंदा तुम्ही गहू कधी भिजवणार? मला शिकवा.' एवढंच. 'तुम्हाला वेळ असेल तर', 'त्रास होणार नसेल तर' ही शेपटं लावू नका. रिकाम्या हाताने उभं राहताना जीव कसनुसा होईल. होऊ दे.

त्या हो म्हणतील. चीक हाटायला दुसरी बाई लागतेच, आणि लेकी-सुना नोकरीला लागल्यापासून ती मिळणं किती कठीण झालंय ते कुरडया घालणाऱ्या कुणालाही विचारा. त्या दिवशी साडेसहाला वर हजर व्हा. पहिल्यांदा गुठळ्या होतील, हात भरून येईल, कुणीतरी तुमच्या हातातून दांडा काढून घेऊन दाखवेल. घेऊ दे. वाटीत चीक देतील तो तिथेच बसून गरम खा आणि आवडला तर अजून मागा. कुणी निफाडच्या भावाकडून आलेली द्राक्षं पुढे केली तर 'आम्ही दोघंच, कशाला एवढी' म्हणू नका, ओंजळ पुढे करा. घरी जाताना काही बांधून दिलं तर त्यांच्याच डब्यात घेऊन या, आणि तो डबा निदान आठवडाभर घासून स्वतःच्या ओट्यावर ठेवा. मनात किती आलं तरी त्या रात्री ओव्हन लावायचा नाही.

केक बंद करू का, असं विचारलंत. अक्षय तृतीया होईपर्यंत बंद. शनिवारी बॉक्स आला नाही की कुणी ना कुणी विचारेलच, 'काय हो, बरं आहे ना?' तेव्हा 'हो हो, सगळं छान' म्हणून दार लावून घेऊ नका. जे असेल ते सांगा. कंटाळा आलाय, पाय दुखतात, मुलाची आठवण येते, नाशकात अजून करमत नाही. आणि गच्चीवर कुरडया घालताना कुणी 'आज केक नाही आणलात?' असं विचारलं, तर 'नाही आणला' म्हणा आणि सोऱ्या हातात घ्या.